अंगावर काढण्याची भाषा

मराठीत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. ताप अंगावर काढता येतो, कंबरदुखी काढता येते, बाळंतपणानंतरचा अशक्तपणाही काढता येतो. पुरुषाने दुखणे अंगावर काढले तर आपण त्याला निष्काळजी म्हणतो. बाईने काढले तर तिला सोशीक म्हणतो. या वाक्प्रचाराच्या अगदी शेजारी दुसरा एक नांदतो: ‘अंगावरून जाणे’. तो मात्र केवळ बायकांचा. काय जाते, कोठून जाते, किती दिवसांपासून जाते, यांतले काहीही न सांगता सगळे सांगून टाकल्याचे समाधान त्यात आहे. एकीच्या अंगावरून जाते आणि ती ते अंगावर काढते. आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या ओटीपोटाच्या दुखण्याचा इतिहास या दोन वाक्प्रचारांत मावतो.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. फराळाच्या ताटात काढ्याचा पेला ठेवू नये, हे मलाही समजते. पण सणाचे घर ज्यांच्या पायांवर उभे असते त्यांच्याकडेच यानिमित्ताने पाहिले तर काय बिघडले? नरकचतुर्दशीला सर्वांच्या आधी उठणारी, कंबरेवर हात ठेवून चकल्या तळणारी, आणि सणात ‘अडचण’ नको म्हणून औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या गुपचूप आणवणारी बाई आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. हा अंक तिच्याही हाती पडणार आहे.

या लेखात वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही आणि हेतूही नाही. माझा प्रश्न वाङ्मयाचा आहे. स्त्रीच्या जननेंद्रियांच्या आजारांविषयी मराठीत जे गद्य लिहिले गेले, ते कसे आहे? ज्या बाईसाठी ते लिहिले तिच्यापर्यंत ते पोचते काय? आणि पोचत नसेल, तर दोष कोणाचा?

या गद्याचा पहिला मोठा लेखक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. १९५३ च्या ऑक्टोबरात ते निवर्तले, तोवर सव्वीस वर्षे त्यांनी ते जवळजवळ एकट्याच्या बळावर चालवले. खटले झाले, दंड झाले. १९३४ चा खटला तर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दलचा होता. त्यात कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्ध गेला. प्रश्न विचारणे आणि त्याला सरळ उत्तर देणे हाच जेथे गुन्हा ठरला, तेथे पुढच्या लेखकांनी हात आखडता घेतला असल्यास नवल नाही.

कर्व्यांचे गद्य गणिताच्या प्राध्यापकाचे आहे. पायरीमागून पायरी, आणि शेवटी निष्कर्ष. मराठीत शरीराविषयी लाज सोडून, पण पातळी न सोडता लिहिता येते, हे त्यांनी सिद्ध करून ठेवले. तथापि त्यांचा मुख्य झगडा नीतिमत्तेच्या रूढ कल्पनांशी होता. त्यांच्या वाक्यांना समोर एक प्रतिवादी दिसत असतो आणि तो बहुधा शिकलेला पुरुष असतो. वाद जिंकण्यासाठी लिहिलेल्या गद्याला दुखणे ऐकून घेण्यासाठी थांबता येत नाही. शिवाय कर्व्यांसारख्या निर्भीड माणसालाही आपल्या एका पुस्तकाच्या नावात ‘गुप्तरोग’ हाच शब्द वापरावा लागला. दुसरा शब्द भाषेत नव्हताच. आज हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये डब्याच्या पत्र्यावर चिकटवलेल्या जाहिरातींत तोच शब्द आहे. कर्व्यांचा विवेक मात्र त्याच्या आसपास कोठे नाही. जो रोग नावानेच गुप्त, तो डॉक्टरपुढे उघड कसा व्हावा?

कर्व्यांनंतर या विषयावर लेख आणि पुस्तके पुष्कळ झाली. मासिकांतून ‘डॉक्टरांचा सल्ला’ आला. पण या लेखनाने बहुधा एक सोपी युक्ती केली: अवघड जागा आली की संस्कृतात शिरायचे. श्वेतप्रदर, श्रोणिदाह, योनिमार्ग, बीजवाहिनी. शब्द शुद्ध आहेत, शास्त्रीय आहेत, आणि वाचणारीला परके आहेत. ‘श्रोणिदाह’ हा आपल्याला झाला आहे, हे कोणत्या बाईला कळेल? तिच्या घरात त्या जागेला ‘ओटीपोट’ म्हणतात. हा शब्द किती सुंदर आहे! ज्या ओटीत आपण तांदूळ, नारळ आणि खण घालतो, तीच ओटी या शब्दात आहे. ओटी भरण्याचे सोहळे आपण केले; ओटीपोट दुखते म्हणणारीला मात्र ‘बायकांचे असायचेच’ असे उत्तर देऊन वाटेला लावले.

दुसरे वळण गडचिरोलीत मिळाले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा एक अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामवंत वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. ९२ टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किमान एक आजार आढळला; सरासरी प्रत्येकीला साडेतीनहून अधिक. यांतले निम्मे आजार जंतुसंसर्गाचे. आणि पूर्वी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के.

या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यांतला एक वेगळाच आकडा अस्वस्थ करतो. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या ५५ टक्के, तक्रार नसलेल्या ४५. आता आजार ९२ जणींना आणि तक्रार ५५ जणींची, तर शंभरांतल्या निदान ३७ जणी अशा निघतात की आजार आहे, पण तक्रार नाही. यांतले काही आजार मुळातच मुके असतात, हे खरे. पण काही ठिकाणी आजार बोलत असेल आणि बाईच त्याला तक्रार म्हणत नसेल, हेही तितकेच संभवते. जे आईला होते, जे जावेला आहे, ती तक्रार कसली? ती रीतच.

हा निबंध इंग्रजीत होता आणि जगाने तो वाचला. त्यातल्या बायकांचा आवाज मराठीत आला तो राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकातून. या पुस्तकाचे नाव हेच त्याचे मर्म आहे. कानोसा घेणारा माणूस स्वतः बोलत नाही, दाराशी थांबतो. खेड्यातल्या बाया आपल्या शरीराची रचना कशी समजतात, दुखण्याला कोणती नावे देतात, कारणे काय लावतात, हे येथे त्यांच्या बोलीतून येते. आमच्या आरोग्यविषयक गद्यात डॉक्टर नेहमी बोलत आला. येथे डॉक्टर प्रथमच ऐकताना दिसते. मराठीच्या दृष्टीने ही मोठी घटना आहे.

परंतु अशा पुस्तकाचे आपण शहरातले वाचक काय करतो? आपण ते प्रवासवर्णनासारखे वाचतो. त्या जंगलातल्या बायका, त्यांच्या त्या कल्पना, आणि आपण किती सुधारलेले! हा वाचनाचा दोष आहे, पुस्तकाचा नव्हे. आणि हा दोष माझ्याही पदरी होता, हे मी पुढे सांगणारच आहे.

तिसरे नाव वाईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शंतनू अभ्यंकर यांचे. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा मराठीने एक हसरा वैद्य गमावला. ‘पाळी मिळी गुपचिळी’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची पद्धत आहे: लहान मुलांच्या खेळातला एक शब्द बदलायचा आणि मोठ्या माणसांचा खोटेपणा उघडा पाडायचा. विनोदाने लाज पळते, यात शंका नाही. भीती मात्र पळतेच असे नाही. पाळीचा विटाळ हसून घालवता येतो. पण ओटीपोटातल्या संसर्गाने मूल होणार नाही अशी ज्या बाईला भीती आहे, तिला हसणे सुचत नाही. तिला कोणीतरी शेजारी बसून सावकाश सांगावे लागते. कर्व्यांचा तर्क, बंगांचा कान आणि अभ्यंकरांची जीभ या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी आणणारे गद्य मराठीला अद्याप हवे आहे.

ते नसल्याची किंमत काय, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. तेथून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांवर गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने झाल्याचे उघड झाले, तेव्हा सरकारने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. फडावर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल आधीच घेतलेली. खाडा झाला तर दंड. पाण्याची आणि आडोशाची वानवा. अशा स्थितीत पांढरे जाणे, पोटात दुखणे, पाळीचा त्रास या सगळ्यांवर एकच उपाय सुचवला जातो: ‘पिशवी’ काढून टाका.

‘पिशवी’ हा शब्द पाहा. ‘गर्भाशय’ म्हणजे गर्भाचे घर. ‘कूस’ म्हणजे कुळाचा उगम. पण ‘पिशवी’? सामान आणून झाले की पिशवीचे काम संपले. दोन मुले झाली, आता पिशवी कशाला ठेवायची, हा युक्तिवाद त्या शब्दाच्या पोटातच आहे. शब्दाने शस्त्रक्रिया केली असे मी म्हणत नाही. ती गरिबीने, मुकादमाच्या हिशेबाने आणि पैशाच्या लोभाने केली. पण शब्दाने वाट सोपी केली. आणखी एक क्रूर योगायोग येथे आहे. ‘हाडे झिजून पांढरे जाते’ अशी समजूत आपल्याकडे सर्वदूर आहे. ती खोटी आहे; त्या स्रावाचा हाडांशी काही संबंध नाही. पण कमी वयात गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, की पाळी जाण्याचे वय अकाली येते आणि हाडे खरोखरच ठिसूळ होऊ लागतात. हाडे वाचवायला गेलेली बाई हाडेच गमावून येते.

आता माझ्या दोषाची गोष्ट. नेरूळला आमच्या वसाहतीत महिला मंडळाने एकदा कोजागरीला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचे व्याख्यान ठेवले. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून, नाव न घालता द्यायचे ठरले, आणि चिठ्ठ्या जमा करण्याचे काम माझ्याकडे आले. समीक्षकाची खोड म्हणून मी त्या वाङ्मय म्हणून वाचल्या. जवळजवळ प्रत्येक चिठ्ठी ‘माझ्या एका मैत्रिणीला’ अशी सुरू होत होती. वीस-बावीस चिठ्ठ्यांत ‘मला’ हा शब्द दोनदाच होता. गडचिरोलीच्या बायकांच्या कल्पनांचे नवल करणाऱ्या आम्ही, पदव्या घेतलेल्या, स्वतःच्या दुखण्याची मालकीही घ्यायला तयार नव्हतो.

एक चिठ्ठी मीच लिहिली होती, दुसरीसाठी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना लिहिता येत नव्हते. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्हीच लिवा. खालून घाण वास येतोय, ओटीपोटात कळा येत्यात, मधूनच कणकण येती, आन् नवरा जवळ आला का जीव जातोय बघा.” मी मान डोलावली आणि कागदावर लिहिले: ‘अंगावरून पांढरे जाते. काय करावे?’

डॉक्टर बाईंनी ती चिठ्ठी वाचून शांतपणे सांगितले, की थोडे पांढरे जाणे हे निसर्गाचेच आहे, पाळीच्या चक्राबरोबर ते कमीजास्त होते, वास, खाज, ताप किंवा वेदना नसल्यास घाबरू नये. उत्तर अगदी बरोबर होते. प्रश्न चुकीचा होता, कारण तो मी सभ्य केला होता. वास मी गाळला, कळा गाळल्या, कणकण गाळली, आणि नवऱ्याची गोष्ट तर लिहिण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. त्या चार वाक्यांत निदान होते. मी ते शुद्धलेखनाच्या नावाखाली खोडले. ताई मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या. ‘घाबरायचं काय न्हाई म्हणाल्या’, असे दुसऱ्या दिवशी मलाच सांगत त्या भांडी घासू लागल्या. तेव्हा माझा हात थांबला.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले आणि बाहेर बसून राहिले. आत त्या आपल्या भाषेत बोलल्या. तपासणी झाली, गर्भाशय आणि नलिकांपर्यंत संसर्ग पोचल्याचे निदान झाले, चौदा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, आणि नवऱ्यालाही औषध घ्यायला सांगितले. नवऱ्याला दवाखान्यात आणणे हे त्या गोळ्यांपेक्षा कडू काम होते. ते ताईंनी कसे पार पाडले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

या प्रसंगानंतर मी आरोग्यविषयक गद्याला एकच कसोटी लावते: ताईंची चार वाक्ये त्यात मावतात काय? मावत नसतील तर ते गद्य कितीही शुद्ध असले तरी कच्चे आहे. आणि ही गोष्ट साध्या मराठीत सांगता येत नाही असे मुळीच नाही. पाहा: योनीतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून जंतू वर चढतात, गर्भाशय, नलिका आणि बीजकोश यांना सूज आणतात. ते कधी शरीरसंबंधातून येतात, कधी अस्वच्छ रीतीने केलेल्या बाळंतपणातून किंवा गर्भपातातून. आपल्या देशात क्षयाचे जंतूही नलिकांपर्यंत पोचतात. कधी फार दुखते, कधी काहीच कळत नाही. पण नलिका आतून चिकटल्या तर पुढे मूल राहण्यास अडचण येते, किंवा गर्भ नलिकेतच रुजून जिवावर बेतते. स्वीडनमध्ये लार्स वेस्ट्रॉम या डॉक्टरांनी अशा स्त्रियांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. एकदा असा दाह होऊन गेलेल्यांत नलिका बंद होऊन वंध्यत्व आले सुमारे ८ टक्क्यांना, दोनदा झालेल्यांत सुमारे २० टक्क्यांना, आणि तीनदा झालेल्यांत ४० टक्क्यांना. म्हणून लवकर जावे, औषध पुरते घ्यावे, आणि जोडीदाराचाही उपचार व्हावा. येथे कोणता शब्द अवघड आहे? कोणते वाक्य असभ्य आहे?

सरकारनेही एक प्रयत्न केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने अशा आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाने केंद्रे काढली, आणि औषधांच्या संचांना रंग दिले: पांढरे जाण्यासाठी हिरवा, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळा. शब्द अडला तेथे रंग बोलला. युक्ती चांगली आहे. पण रंग केव्हा मिळणार? बाई बोलल्यावर. त्या पहिल्या वाक्याला रंग पुरत नाही. त्याला भाषाच लागते.

ती भाषा ताईंकडे होती. ‘नवरा जवळ आला का जीव जातोय’, यापेक्षा नेमके वाक्य कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही. लाज त्या वाक्यात नव्हती. ती माझ्या लेखणीत होती. गेली शंभर वर्षे आम्ही लिहिणाऱ्यांनी बायकांना शब्द शिकवण्याचा उद्योग केला. आता त्यांचे शब्द न खोडता उतरवून घेण्याचे शिक्षण आम्हीच घ्यावे, हे बरे.

परवा ताई दिवाळीच्या आधीच्या सफाईला आल्या होत्या. माळ्यावरची भांडी काढताना मी कंबरेला हात लावलेला त्यांनी पाहिला आणि विचारले, “ताई, कुठं दुखतंय?” ‘काही नाही, चालायचंच’ हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले, आणि कुठे दुखते ते सांगितले.